कनवटीला लिमलेट

पर्स पलंगावर उपडी केली की आधी चाव्या पडतात, मग कंगवा, मग बसची चुरगळलेली तिकिटं, आणि सगळ्यात शेवटी शिवणीत अडकलेली एक स्टीलची डबी घरंगळत बाहेर येते. ती मी. आज मला गप्प बसवत नाहीये. जे पाहिलं ते कधी एकदा सांगते असं झालंय. पण मी कोण, कुणाची, हे कळल्याशिवाय तुम्हाला त्यातली मजा कळायची नाही, म्हणून थोडं मागून सुरू करते.

मी जन्माने चटणीची डबी. जेवणाच्या मोठ्या डब्यात, भाजीच्या शेजारी बसणारी, लिंबाएवढी. कामोठ्यातल्या एका भांड्यांच्या दुकानात आमचा सगळा संच काचेमागे ठेवला होता. अश्विनने तो घेतला तेव्हा दुकानदाराने मशीन लावून माझ्या बुडावर त्याचं नाव कोरलं. टर्रर्र असा आवाज झाला आणि मला इतक्या गुदगुल्या झाल्या की मी दुकानदाराच्या हातून निसटलेच. अश्विन उरणला कंटेनर ठेवतात त्या यार्डात सुपरवायझर आहे. त्याच्या आईच्या, म्हणजे केशरबाईंच्या हातची लसूण घातलेली शेंगदाण्याची चटणी पोटात घेऊन मी रोज उरणला जायचे. पुढे यार्डात कॅन्टीन सुरू झालं. मोठा डबा कुणाला तरी देऊन टाकला आणि मी रबरबँड, सुटी बटणं आणि जुन्या चाव्यांबरोबर ओट्याखालच्या खणात पडून राहिले.

मग शर्मिलाला साखर झाली. शर्मिला म्हणजे अश्विनची बायको. सानपाड्याला दातांच्या एका दवाखान्यात ती रिसेप्शनवर बसते. हळू बोलते, भरभर चालते. मधुमेह हा शब्द आमच्या घरात फक्त डॉक्टरांच्या कागदावर असतो. बाकी सगळे 'शुगर आहे' म्हणतात आणि केशरबाई 'साखर झाली' म्हणतात, जणू घरात कुणी नवीन राहायला आलंय. आधी नुसत्या गोळ्या होत्या. नंतर इन्सुलिनही सुरू झालं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं, "साखर वाढते तशी आता कधी एकदम खालीही जाईल. हात थरथरतील, घाम फुटेल, डोकं चालणार नाही. त्या वेळी लगेच गोड पाहिजे. पर्समध्ये ठेवत जा."

घरी येऊन तिने खण उघडला आणि तिचा हात माझ्यावर पडला. चिंच लावून, लिंबू लावून तिने मला घासलं आणि आत लिमलेटच्या गोळ्या भरल्या, केशरी, संत्र्याच्या फोडीसारख्या. लसणाचा वास काही लगेच गेला नाही. पहिल्यांदा वेळ आली तेव्हा ती तोंड वाकडं करून म्हणाली, "संत्र्याची चटणी खाल्ल्यासारखं वाटतंय." पण हात थरथरायचे थांबले. मला काय वाटलं म्हणून सांगू. ज्या बाईला साखर बंद, तिच्याच पर्समध्ये साखर सांभाळायचं काम माझ्याकडे आलं होतं.

तेव्हापासून मी तिचे दिवस पाहते. सकाळी उठल्यावर ती बोटाच्या कडेला सुई टोचते. रोज एकच बोट दुखू नये म्हणून बोटांच्या पाळ्या लावल्या आहेत. थेंब छोट्या यंत्राला दिला की ते आकडा दाखवतं. थेंब कमी पडला तर नुसतं रुसून बसतं. मग फ्रिजच्या दारातून, अंडी आणि कढीपत्त्याच्या मधून, इन्सुलिनचं पेन निघतं. पोटाची चिमूट धरायची, टोचायचं, मनात आकडे म्हणायचे आणि सुई काढायची. हे सगळं ती चहाला उकळी येईपर्यंत उरकते. चहा बिनसाखरेचा. सुरुवातीला तो पिताना तिचा चेहरा बघवत नसे. आता कुणी साखर घातलेला चहा दिला तर ती तसा चेहरा करते.

तिला आजाराइतकाच लोकांच्या काळजीचाही त्रास होतो, असं माझं निरीक्षण आहे. दवाखान्यात कुणाचा वाढदिवस असला की "घे गं, एवढ्याशानं काय होतंय" म्हणून केक पुढे करणारी माणसंच, तिने तुकडा तोंडात टाकला की "तुला चालतं का पण?" म्हणून विचारतात. कुणी कारल्याचा रस सांगतं, कुणी जांभळाच्या बियांची पूड आणून देतं. ती सगळ्यांना "हो, बघते करून" म्हणते आणि पुड्या घरी आणून माझ्या जुन्या खणात ठेवते. तो खण आता औषधाचं दुकान झालाय.

आता एक महत्त्वाची गोष्ट. पर्सच्या ज्या कप्प्यात मी राहते तिथेच तिच्या औषधाच्या गोळ्यांची पट्टीही राहते. गुलाबी, चपट्या गोळ्या. त्या साखर खाली आणतात. मी साखर वर नेते. आमचं काम उलटं, पण घरात आम्हा दोघींचं नाव एकच होतं. जेवणाआधी केशरबाई विचारायच्या, "साखरेची गोळी घेतलीस का गं?" तेव्हा ती गुलाबी गोळी असायची. आणि पर्स भरताना शर्मिला म्हणायची, "साखरेच्या गोळ्या संपत आल्यात, आणायला पाहिजेत." तेव्हा ती मी असायचे. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं होतं, पण डबीला विचारतं कोण.

बाबासाहेबांची जयंती जवळ आली तसा संध्याकाळी खालून आवाज यायला लागला. छन छन, छनक छन. सोसायटीशेजारच्या बुद्धविहारासमोर मिरवणुकीसाठी बायकांचं लेझीम पथक बसवत होते. गीतांजली नावाची उंच, मोठ्या आवाजाची बाई शिकवत होती. शर्मिला मेथी निवडता निवडता थांबली. तिचे हात ताटात होते, पण पावलं खालच्या तालावर चालली होती. ती शाळेत लेझीम खेळायची, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी बसमधून उतरून ती घरी न जाता तशीच विहारापाशी गेली. "मलापण घेता का?" असं तिने इतकं हळू विचारलं की गीतांजलीला दोनदा विचारावं लागलं. पण लेझीम हातात आल्यावर तिच्या आवाजाची कुणाला गरजच पडली नाही. आठवड्याभरात गीतांजलीने तिला पहिल्या ओळीत मधोमध आणलं. मागच्या सगळ्या बायकांनी तिची पावलं बघून पावलं टाकायची. पर्समधून मला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. सगळ्यांच्या लेझमा एकदम वाजल्या की माझ्या आतल्या लिमलेट शहारायच्या.

घरी मात्र अश्विन म्हणाला, "भर उन्हात तीन तास? आणि मधेच शुगर डाऊन झाली तर? तू टेम्पोत बस ना. बाबासाहेबांच्या फोटोजवळ. सावली असते, आईपण असते."

"टेम्पोत म्हाताऱ्या बायका बसतात."

"म्हातारी कुनाला म्हनायलीस?" केशरबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. त्या परभणीकडच्या. इतकी वर्षं कामोठ्यात राहूनही त्यांची बोली जरासुद्धा हललेली नाही.

शेवटी असं ठरलं की सराव करायचा, पण केशरबाई पर्स घेऊन कट्ट्यावर बसणार. सराव नीट पार पडला तर मिरवणुकीत पहिली ओळ, नाहीतर टेम्पो. शर्मिलाने मान डोलावली. तिला ती पहिली ओळ किती हवी होती ते मला माहीत होतं. बसमध्ये उभी असतानासुद्धा तिची बोटं पर्सच्या पट्ट्यावर ताल धरत होती.

एकदा सुट्टीत रुमाल काढताना मी खाली पडले, झाकण उघडलं आणि लिमलेट फरशीवर पसरल्या. गीतांजलीने एक उचलली. "अगं बाई. काल वडा दिला तर शुगर आहे म्हणालीस, आणि इथे चोरून लिमलेट चाललीय?"

"दातांच्या दवाखान्यात आहे ना ती, पेशंट कमी पडले असतील," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. शर्मिलाही कसनुशी हसली. तिने गोळ्या वेचल्या आणि मला घट्ट बंद केलं. या गोळ्या कशासाठी आहेत हे एका वाक्यात सांगता आलं असतं. पण आजार समजावून सांगायचा कंटाळा येतो माणसाला, आणि लाजही वाटते. हे मी फार जवळून पाहिलंय.

आणि मग तो दिवस. दवाखान्यात गर्दी होती, दुपारचा डबा अर्धा राहिला होता, संध्याकाळचे चणे खायचे राहून गेले होते. ती धावतच सरावाला आली. थोड्या वेळात ताल चुकल्याचं मला ऐकू आलं. शर्मिलाची लेझीम कधी चुकत नाही. मग लेझीम खाली पडल्याचा आवाज. ती कट्ट्याशी आली, घामाने भिजलेली, जीभ जड झालेली, आणि केशरबाईंना म्हणाली, "आई, साखरेची गोळी. लवकर."

केशरबाईंनी पर्समध्ये हात घातला. बोटं माझ्यावरून गेली आणि पुढे सरकली. माझ्यात आता काय असतं, ते त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी पट्टी काढली. त्यांच्या लेखी साखरेची गोळी म्हणजे तीच. रोज जिची आठवण करतात ती. त्यांनी ती गुलाबी गोळी फोडली आणि सुनेच्या तळहातावर ठेवली.

मला हात असते तर मी ती उडवून लावली असती. मला तोंड असतं तर सगळ्या कामोठ्याला ऐकू गेलं असतं. साखर आधीच खाली गेली होती आणि ही तिला आणखी खाली ओढणार होती. शर्मिलाने गोळी जिभेवर ठेवली. ती कडू लागली. एवढ्या गोंधळातही जिभेला फरक कळला. तिने ती थुंकली आणि म्हणाली, "गोड. गोड."

"आता गं काय करू? ह्या पर्समदी गोड कुठलं," केशरबाई रडकुंडीला आल्या. तेवढ्यात गीतांजली धावत आली. "आजी, ती लिमलेट मागतेय. डबीत आहेत, मी बघितल्यात." तिने मला बाहेर ओढलं, ओढणीत धरून झाकण पिळलं आणि गोळ्या काढल्या. "चोखू नको, चाव. कडाकडा चाव." दहा-पंधरा मिनिटांनी शर्मिलाच्या डोळ्यांत ओळख परत आली. गीतांजली तिच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. "चोरून खातेस म्हणाले मी तुला. आधी सांगायचं ना ताई, कशासाठी ठेवतेस ते."

घरी अश्विन कुणावर ओरडला नाही. तो फक्त म्हणाला, "टेम्पो." केशरबाईंनी त्या संध्याकाळी भाकरीला हात लावला नाही. "माझ्या हातानं इख दिलं असतं की माय तुला."

शनिवारी तिघंही डॉक्टरीणबाईंकडे गेले. मीही होते. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "लेझीम खेळायला काही हरकत नाही. उपाशी खेळायला हरकत आहे." खेळण्याआधी बोट टोचून बघायचं, काहीतरी खायचं, मधे थांबून पुन्हा बघायचं. इन्सुलिन किती घ्यायचं तेही त्यांनी त्या दिवसापुरतं बदलून दिलं.

"म्हणजे पाठवू का हिला?" अश्विनने विचारलं.

"मला काय विचारता? त्या इथेच बसल्यात."

शर्मिलाने पर्स मांडीवर घट्ट धरली. ती म्हणाली, "मला टेम्पोत बसून हात हलवायचा नाहीये. मला वाजवायचंय. आणि कमी वाटलं तर मी आपणहून थांबेन. कुणी थांबवायची वाट नाही बघणार."

अश्विनने डॉक्टरीणबाईंचा कागद घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाला, "थांबलीस तर पहिली ओळ. नाही थांबलीस तर पुढच्या वर्षीसुद्धा टेम्पो."

घरी येऊन केशरबाईंनी फर्मान काढलं. आजपासून साखरेची गोळी हा शब्द घरात बंद. पट्टीला औषध म्हणायचं आणि डबीला लिमलेट. जो चुकेल तो भांडी घासेल. पहिल्याच दिवशी त्या स्वतः चुकल्या, आणि अश्विन दोनदा चुकला. पथकातही गीतांजलीने जाहीर केलं, "शर्मिलाताई लिमलेट म्हणाली की डबी उघडायची. दुसरं काही द्यायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत." त्यानंतर सरावाच्या सुट्टीत ती मुद्दाम ओरडायची, "ताई, लिमलेट?" आणि शर्मिला तेवढ्याच मोठ्याने म्हणायची, "नको." शर्मिलाचा आवाज एवढा मोठा आहे हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

एक अडचण मात्र राहिली. लेझीमला दोन्ही हात लागतात. पर्स घेऊन नाचता येत नाही आणि पथकाच्या पांढऱ्या साडीला खिसा नसतो. मग मी कुठे जाणार? टेम्पोत? मी तर धास्तावलेच होते. केशरबाई म्हणाल्या, "आमच्याकडं बाया पैसे कुठं ठिवायच्या? कनवटीला." त्यांनी साडीची कड वळवली, मला आत गुंडाळलं, कमरेला खोचलं आणि दोनदा ओढून बघितलं. "बैलानं वढली तरी सुटायची न्हाई."

आणि आज ती मिरवणूक निघाली.

इतकी वर्षं मी अंधाऱ्या कप्प्यात काढली. आज मी कमरेवर होते, साडीच्या एकाच घडीतून मला निळे फेटे दिसत होते, निळे झेंडे, दुकानांच्या पायऱ्यांवर उभी असलेली माणसं, सरबताची पिंपं. गीतांजलीने शिट्टी वाजवली आणि शर्मिला वाकली, उठली, वळली. तिच्याबरोबर मीही. माझ्या पोटात लिमलेट उडत होत्या आणि स्टीलवर आपटून वाजत होत्या. छनक छन, खुळुक खुळ. एका चटणीच्या डबीला कधी वाटलं असेल का, की आपण जयंतीच्या मिरवणुकीत वाजू?

मोठ्या चौकात सगळ्यात अवघड डाव होता. गोल करायचा, बसायचं, बसूनच वळायचं आणि एकदम उठायचं. चौकात गर्दी दाटली होती, मोबाइल वर झाले होते. आणि तेव्हाच मला तिच्या कमरेचा घाम थंड लागला. उन्हाचा घाम गरम असतो. हा तसा नव्हता.

तिलाही कळलं होतं. तिचा उजवा हात किंचित मागे पडला. पण शिट्टी वाजायचीच होती, आणि टेम्पोतून अश्विन बघत होता. आता थांबलं तर सगळ्यांसमोर थांबायचं. एवढा डाव करून घ्यावा, मग बघू, असं तिला नक्की वाटलं असणार. तिने एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. मी कनवटीतून विनवत होते. थांब गं बाई, थांब.

तिसरं पाऊल तिने बाहेरच्या बाजूला टाकलं. लेझीम वर केली आणि म्हणाली, "लिमलेट."

तिने आपल्याच हाताने कनवट सोडवली. फुटपाथच्या कडेला बसली, झाकण काढलं आणि कडाकडा चावायला लागली. एका सरबतवाल्या मुलीने ग्लास पुढे केला, तोही तिने घेतला. अश्विन टेम्पोतून उडी मारून आला. मला वाटलं आता तो शब्द येणार, टेम्पो. त्याने पिशवीतून यंत्र काढलं, तिचं बोट पुढे घेतलं आणि म्हणाला, "सावकाश. घाई नाही." मग केळं सोलून तिच्या हातात दिलं. पुन्हा बोट टोचलं तेव्हा आकडा वर आला होता.

मिरवणूक पुढे गेली असेल म्हणून तिने घाबरून मान वर केली. मिरवणूकच ती. एवढ्या वेळात जेमतेम दोन दुकानं पुढे सरकली होती. पहिल्या ओळीत मधोमध एका बाईएवढी मोकळी जागा होती. मागच्या ओळीतली एकजण तिथे शिरायला बघत होती, तर गीतांजलीने तिला लेझीम आडवी धरून अडवलं होतं. "तिथे माणूस आहे."

अश्विनने मला उचललं, झाकण लावलं आणि बायकोच्या कमरेला नीट खोचलं. भर चौकात, सगळ्या कामोठ्यासमोर. केशरबाई टेम्पोतून ओरडल्या, "दोनदा वढून बघ रं." मग शर्मिला चालत गेली, त्या मोकळ्या जागेत उभी राहिली आणि गीतांजलीकडे बघून मान हलवली. शिट्टी वाजली. तिच्यासाठी रोखून धरलेला डाव झाला. बसून वळून सगळ्या एकदम उठल्या तेव्हा चौकातला आवाज माझ्या स्टीलमधून आरपार गेला. विहारापर्यंत ती पुन्हा थांबली नाही, थांबावं लागलंच नाही.

आता मी ओट्यावर उपडी पडून वाळतेय. मला थोडा पोचा आलाय, बहुतेक कुणाची तरी लेझीम लागली असावी. मी तो मिरवतेय. शर्मिला पाय गरम पाण्यात सोडून बसलीय, तळव्याला कुठे लागलंय का ते निरखून बघतेय, कारण शुगरमध्ये पायाची छोटी जखमसुद्धा सोडून चालत नाही. तिच्या शेजारी नवीन लिमलेटची पिशवी आहे. उद्या सकाळी पुन्हा सुई, थेंब, पेन, बिनसाखरेचा चहा. आज नाचली म्हणून उद्या सुट्टी नाही मिळत.

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात, वर्गात, कामाच्या जागी अशी कुणी असेल तर तिला केक देऊ नका, कारल्याचा रस सांगू नका. तिला फक्त विचारा, तुझं गोड कुठे ठेवतेस आणि त्याला काय म्हणतेस. ती शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखान्यात न्या. पण शुद्धीत असेल आणि मागत असेल, तर ती जे मागते तेच द्या.

आणि नंतर तिची जागा कुणाला घेऊ देऊ नका. ती येतेय.